दहापैकी किती?

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि बाबा दोघांकडून आलेला. आमच्याकडे याला लाल कार्ड म्हणतात. मी आणि तिचे बाबा दोघंही पिवळ्या कार्डाचे, म्हणजे वाहक. लग्न ठरलं तेव्हा हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी आम्ही राहतो, तिथे हा आजार घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली आहे. सिकलसेल म्हणजे काय, तपासणी कुठे करायची, ही माहिती आता आशाताईंपासून शाळेतल्या फलकापर्यंत सगळीकडे मिळते. पण मूल रात्री कळांनी तळमळत असतं तेव्हा त्याचं दुखणं कसं कमी करायचं, हे सांगणारं कोणी भेटायला आम्हाला अकरा वर्षं लागली. म्हणून आज फक्त दुखण्याबद्दल लिहिते आहे.

रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. मग हाडांत, पाठीत, छातीत, पोटात, जिथे तुटला असेल तिथे कळ उठते. डॉक्टर याला क्रायसिस म्हणतात. कमी पाणी पिणं, थंडी वाजणं, ताप, दगदग ही नेहमीची कारणं. कधी यातलं काहीच घडलेलं नसतं. आणि बाहेरून बघाल तर ना सूज, ना जखम. एक्स-रे साफ, हिमोग्लोबिन तिचं नेहमीचंच आठ. दुखणं किती आहे हे दाखवणारी रक्ताची कोणतीही तपासणी नाही. मूल सांगेल तोच रिपोर्ट.

पहिल्यांदा ती दहा महिन्यांची असताना तिचे हातपाय सुजले. बोटं फुगून टम्म झाली होती आणि हात लावला की किंचाळायची. काहीतरी चावलं असेल असं सगळ्यांना वाटलं. पुढे कळलं की सिकलसेलच्या बाळांमध्ये आजार बरेचदा असाच समोर येतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला जपतं, ते कमी झालं की त्रास सुरू होतो. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, मग हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस, मग लाल कार्ड.

पुढची कित्येक वर्षं उपचाराची एकच पद्धत ठरलेली होती. कळ उठली की दवाखाना, सलाईन आणि कमरेत इंजेक्शन. इंजेक्शनचा असर तीन-चार तास टिकायचा. ती परत रडायला लागली की उत्तर ठरलेलं, "आता पुढचं रात्री." ते मधले तास कसे जायचे ते आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. सहा-सात वर्षांची झाल्यावर तिनं दुखणं लपवायला सुरुवात केली. चादरीचं टोक दातात धरून पडून राहायची आणि विचारलं की म्हणायची, "नाही दुखून राहिलं आई, सुई नको." पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मुलांच्या बाबतीत हे चांगलं ठाऊक असलेलं वर्तन आहे. सुईच्या भीतीनं मुलं दुखणं नाकारतात, म्हणूनच मुलांना वेदनाशामक स्नायूत टोचून देणं टाळावं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तोंडानं देता येत असेल तर तोंडानं, नाहीतर आधीच लावलेल्या सलाईनच्या नळीतून.

त्याच काळात एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. मुलं शाळा चुकवायला काय काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बघा, मोबाइलवर व्हिडिओ बघून हसून राहिली." ती हसत होती हे खरं. पण व्हिडिओ बंद केल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आक्रसून पडली, तेव्हा डॉक्टर पुढच्या खाटेवर गेले होते. लक्ष दुसरीकडे गेलं की मेंदूपर्यंत पोचणारी वेदना खरोखर कमी होते. दुखत असताना हसणारं मूल त्याच्या हाती असलेलं एकमेव औषध वापरत असतं. दुखत असलेल्या मुलाला "नाटक करतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगायचं आहे.

ती अकरा वर्षांची असताना डिसेंबरच्या थंडीत पाठ आणि दोन्ही मांड्या एकदम धरल्या. या वेळी तालुक्यातून थेट नागपूरला पाठवलं. रात्रीची वेळ, रुग्णवाहिकेतला प्रत्येक खड्डा तिच्या हाडात जात होता. तिथे एक तरुण निवासी डॉक्टर आल्या, खाटेच्या उंचीला वाकल्या आणि मला ओलांडून थेट तिला विचारलं, "बाळा, सगळ्यात जास्त दुखणं म्हणजे दहा. आता दहापैकी किती?" सोबत एक कार्ड होतं, त्यावर सहा चेहरे. पहिला शांत, शेवटचा वेदनेनं पिळवटलेला. त्यातला एकही चेहरा हसत नव्हता आणि एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. नंतर मी त्याचं कारण विचारलं. मुलांनी आनंद-दुःखाचा चेहरा न निवडता दुखण्याचा निवडावा, म्हणून ते मुद्दाम तसे काढलेले असतात. साधारण आठ वर्षांपुढची मुलं आकडा सांगू शकतात, त्याहून लहान मुलं चेहरा दाखवतात. बोलता न येणाऱ्या बाळासाठी चेहरा, पायांची हालचाल, अंगाची तगमग, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टी पाहून गुण देतात.

तिनं शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे. दहा." आणि केसपेपरवर दहा लिहिलं, पुढे वेळ टाकली. एवढंच. पण तिचा शब्द कागदावर जसाच्या तसा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्या म्हणाल्या, मॉर्फिन देणार. मी दचकलेच. आमच्या गावात मॉर्फिन म्हणजे कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांचं औषध. मी विचारलं, "मॅडम, सवय लागली तर?" रात्री दीडला, वॉर्ड भरलेला असताना, त्यांनी मला पाच मिनिटं देऊन समजावलं. तीव्र क्रायसिसमध्ये दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात पहिला जोरकस डोस मिळायला हवा आणि मग अर्ध्या-एक तासानं परत परत बघायला हवं, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. डोस वजनावर ठरतो, शिरेतून हळूहळू देतात. काही दिवस औषध चाललं की शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम न थांबवता पायरीपायरीनं उतरवतात. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे, आणि दुखण्यासाठी देखरेखीखाली दिलेल्या औषधानं मुलाला ते लागण्याची शक्यता फार कमी.

डोस गेला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला. सिस्टर दर थोड्या वेळानं तिच्या छातीकडे बघून श्वास मोजायच्या, नाव घेऊन हाक मारायच्या, ती किती गुंगीत आहे ते लिहायच्या. मॉर्फिन जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून ही राखण. वीस मिनिटांनी विचारलं, तिनं आठ सांगितलं. आणखी थोडं औषध. मग सहा. पहाटेकडे चार. तिनं माझा पकडलेला हात सोडला आणि नाक खाजवायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "खाज येतेच या औषधानं, घाबरू नका." बद्धकोष्ठाचं औषध पहिल्याच दिवशी सुरू केलं, तेही मॉर्फिनबरोबर ठरलेलंच.

दुसऱ्या दिवसापासून औषध घड्याळाप्रमाणे. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच होता. पूर्वी ती रडेपर्यंत थांबायचं, मग औषध शोधायचं, ते चढेपर्यंत तिचा जीव अर्धा व्हायचा. इथे ठरलेल्या वेळी डोस, दुखो न दुखो. मध्येच कळ उठलीच तर त्यासाठी वेगळा छोटा डोस लिहून ठेवलेला. बरोबरीनं पॅरासिटामोल, आणि किडनीचा रिपोर्ट बघून आयबुप्रोफेन. सिकलसेलमध्ये किडनीवरही ताण असतो, त्यामुळे ही गोळी मनानं घ्यायची नाही. पाठीला गरम पाण्याची पिशवी. बर्फ कधीच नाही, गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी आणखी अडकतात.

आणि तीन रंगीत चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचे. जागी असताना दर दोन तासांनी दहा वेळा. पाठ-छातीत दुखत असलं की मूल भीतीनं उथळ श्वास घेतं, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथे सिकलसेलचा जीवघेणा छातीचा त्रास सुरू होऊ शकतो. दुखणं कमी केल्याशिवाय मूल खोल श्वास घेऊच शकत नाही. पहिल्या दिवशी तिचा एकच चेंडू हलला. डिस्चार्जच्या आधी तिन्ही वर टेकले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या गडचिरोलीच्या मुलानं टाळ्या वाजवल्या.

त्या मुक्कामात आणि नंतर मी बरंच वाचलं. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या नामांकित रुग्णालयांतसुद्धा नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. बाळांची मज्जासंस्था कच्ची असते, त्यांना वेदना कळत नाहीत, असा समज होता. १९८५ मध्ये वॉशिंग्टनला जेफ्री लॉसन नावाच्या अकाली जन्मलेल्या बाळाच्या हृदयाजवळची शस्त्रक्रिया फक्त स्नायू लुळे करणारं औषध देऊन झाली. काही आठवड्यांनी ते बाळ गेलं. त्याची आई जिल लॉसन हिला हे नंतर कळलं आणि तिनं पत्रं लिहून, बोलून तो विषय लोकांसमोर आणला. त्याच सुमारास भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद इंग्लंडमध्ये अकाली बाळांवर अभ्यास करत होते. शस्त्रक्रियेत नीट वेदनाशमन मिळालेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे बाळाला दुखतं हे सिद्ध करावं लागलं, आणि तेही माझ्या हयातीत. एका आईच्या पत्रांचा त्यात वाटा आहे, हे मी विसरू शकत नाही.

पुढचे बदलही मुलांचं म्हणणं खरं मानण्याच्याच दिशेनं झालेले दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये मुलांच्या वेदनांसाठी सौम्य ते जोरकस औषधांच्या पायऱ्या तीनऐवजी दोन केल्या आणि मधल्या पायरीवरचं कोडीन हे वेदनाशामक काढून टाकलं. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, पण किती होणार हे प्रत्येकाच्या जनुकांवर अवलंबून. एखाद्या मुलाला काहीच गुण येत नाही आणि एखाद्याला तोच डोस जिवावर बेततो. २०१७ मध्ये अमेरिकेनं बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडोल हे दुसरं वेदनाशामक देऊ नये असं जाहीर केलं. २०२० मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेनं वेदनेची व्याख्या सुधारली. त्यासोबतच्या टिपांत म्हटलं आहे की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर ठेवावा, आणि ज्याला सांगता येत नाही त्यालाही दुखत असू शकतं.

डिस्चार्जच्या कागदांबरोबर आम्हाला एक पानाची योजना मिळाली. तिचं वजन, औषधं, डोस, कोणत्या आकड्याला काय करायचं. तीनपर्यंत पाणी, शेक, विश्रांती, गाणी. चारच्या पुढे गोळ्या, वेळ लिहून, ठरलेल्या अंतरानं. सातच्या पुढे गेलं किंवा गोळ्यांनी उतरत नसलं तर रुग्णालय, आणि तिथे गेल्या वेळी कशानं गुण आला होता ते त्याच कागदावर. पण ताप, छातीत दुखणं, धाप, पोटाची डावी बाजू फुगणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा बोबडं बोलणं, यातलं काही दिसलं तर आकडा विचारत बसायचं नाही, तडक निघायचं. त्या पानाला मी प्लास्टिकचं कव्हर घातलं. त्याची एक प्रत तिच्या दप्तरात असते, एक तिच्या बाबांच्या गाडीत.

तेराव्या वर्षी नवं दुखणं लागलं. क्रायसिस नसतानाही खुबा रोज ठणकायचा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खराब होतं का, हे बघायला एमआरआय केला. तो चांगला आला. मग दुखतं कशानं? डॉक्टरांनी समजावलं की वर्षानुवर्षं कळा सोसून मज्जासंस्था जास्त जागरूक होते, धोका टळला तरी इशारा देत राहते. दुखणं खरंच असतं, पण मॉर्फिन त्यावरचा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मुलांच्या जुनाट वेदनेसाठी व्यायाम, मानसोपचार आणि औषध असा तिन्ही अंगांनी विचार करायला सांगितलं आहे. तिला फिजिओथेरपी सुरू झाली, रोज थोडं चालणं, बरं वाटलं त्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त नाही. झोपेची वेळ बांधली. समुपदेशक मॅडमनी पोटानं श्वास घ्यायला शिकवलं आणि "झालं, आता परत ॲडमिट" हा विचार मनात आला की त्याला उत्तर द्यायला शिकवलं. तिचं उत्तर तिनं स्वतः वहीत लिहिलं आहे: "मागच्या वेळी उतरलं होतं, यावेळी पण उतरेल."

मलाही एक सूचना होती. दर तासाला "दुखतंय का?" विचारायचं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, एरवी जेवणाचं, अभ्यासाचं, मैत्रिणींचं बोलायचं. दुखण्याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष लागलं की मुलाचंही तिथेच खिळतं. आईला ही गोष्ट फार जड जाते. सासूबाईंना तर आठवडाभर समजावावं लागलं, पण त्यांनी मनावर घेतलं आणि तिच्याशी पत्ते खेळायला लागल्या.

ती वही आता आमचा मोठा आधार आहे. तारीख, आकडा, जागा, आधी काय झालं, कशानं उतरलं. त्यातूनच लक्षात आलं की बरेचसे क्रायसिस पाळीच्या आगेमागे येतात. हे तिनं डॉक्टरांना स्वतः सांगितलं, मी खोलीबाहेर बसले होते. चौदाव्या वर्षी मुलीला डॉक्टरांशी एकटीनं बोलायची जागा मिळालीच पाहिजे. आता त्या दिवसांत पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आधीपासून सुरू होते.

हायड्रोक्सीयुरियाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण कळ उठू नये यासाठीचं मुख्य औषध ते आहे. त्यानं गर्भातलं ते हिमोग्लोबिन परत वाढतं आणि पेशी विळ्याच्या आकाराच्या होणं कमी होतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलांवर झालेल्या कमी मात्रेच्या अभ्यासातही चांगला फायदा दिसला होता. नातेवाइकांनी "ते कॅन्सरचं औषध आहे" म्हणून भीती घातली. ते काही रक्ताच्या कर्करोगांत वापरतात हे खरं, पण म्हणूनच तर नियमित सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करून पेशींवर लक्ष ठेवतात. आमच्या घरी त्यानं क्रायसिस स्पष्ट कमी झाले. सीबीसीसाठी सुई टोचायच्या तासभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवतो. त्वचा बधिर होते. एवढी साधी गोष्ट, मुलांच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या खोलीत असायला हवी.

शाळेशी मी शिक्षिका म्हणूनच बोलले. पाण्याची बाटली बाकावर, लघवीला कधीही परवानगी, थंडीत उघड्यावर परिपाठाला उभं करायचं नाही, पळायची शिक्षा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे या सवलती कोणाच्या मेहरबानीवर नाहीत. वर्गाला आजाराबद्दल तिनं स्वतः सांगितलं.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत कायदेशीर अफू पिकते, त्यापासूनच मॉर्फिन बनतं, आणि आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिनची एक कुपी नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. आता वेगवेगळ्या परवान्यांच्या जंजाळाऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतली की रुग्णालयाला मॉर्फिन ठेवता येतं. वेदनाशमनाचा अनुभव किंवा प्रशिक्षण असलेला डॉक्टर, कुलूपबंद कपाट आणि नोंदवही लागते. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या होत आहेत, कार्डं वाटली जात आहेत. ते हवंच. पण लाल कार्ड हातात असलेल्या मुलाला आज रात्री कळ उठली तर काय, हा प्रश्न त्याच जोरानं विचारला जायला हवा.

आम्ही सिकलसेलच्या मुलांच्या पालकांनी मिळून यासाठी तालुक्याच्या रुग्णालयाकडे अर्ज दिला आहे. सध्याचे वैद्यकीय अधिकारी प्रशिक्षणाला जायला तयार आहेत, त्यांनी अर्ज जिल्ह्याला पाठवलाय. अर्जाला माझ्या मुलीनं तिच्या वहीतलं एक पान उतरवून जोडलं आहे. कळ सुरू रात्री साडेदहा, आकडा सहा. तालुक्याचं रुग्णालय अकरा, आकडा आठ, सलाईन. नागपूर पहाटे अडीच, आकडा दहा. पहिला मॉर्फिनचा डोस पावणेतीन. खाली तिनं लिहिलं आहे, "अकरा वाजता मिळाला असता तर दहापर्यंत गेलं नसतं."